दाबून धरायचं बटण

बटण दाबलं तर दिवा गेला. सोडलं तर आला. पुन्हा दाबलं, पुन्हा गेला. सकाळचे दहा वाजले होते, अंगणभर ऊन होतं आणि दिव्याचा उजेड कुठे पडतो ते दिसत नव्हतं. म्हणून डाव्या अंगठ्याने बटण दाबत मी उजवा तळहात दिव्याच्या काचेसमोर धरला होता. तळहात पिवळा व्हायचा आणि मग नुसताच तळहात उरायचा. सीटखालून दर वेळी टक् असा बारीक आवाज येत होता, घासात आलेला खडा दाताखाली फुटावा तसा. हँडलच्या डाव्या बाजूला, हॉर्नच्या खाली बसवलेलं हे लाल बटण कंपनीचं नव्हतं. बाबांच्या गाडीला मी पुण्याहून दोन जादा दिवे पाठवले होते. त्यांचंच हे बटण असणार, दाबलं की ते लागतील, अशा समजुतीने मी ते दाबलं होतं. पण दाबल्यावर होते नव्हते ते सगळे दिवे विझत होते. गाडीचा मूळ दिवाही, आणि जादा दोन्हींपैकी जो फुटला नव्हता तोही. मला आनंद झाला. दुसरा शब्द मला सापडला नाही, आणि शब्द शोधणं हेच माझं काम आहे. सहा आठवडे मला दोष द्यायला कुणी मिळत नव्हतं. आता मिळालं होतं.

बाबा गेले ते मेच्या शेवटच्या आठवड्यात, दिवेलागणीला, नरसीच्या अलीकडच्या वळणावर. सेनगावच्या जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. डॉक्टर येत, बदलून जात. बाबा, म्हणजे मसाजी, तिथेच असत. निवृत्त झाल्यावरही पावसाच्या आधी मेंढरांना आंतरविषाराची लस टोचायला ते गावोगाव जायचे. कळप दिवसभर रानात असतात, हाती लागतात ते संध्याकाळी, म्हणून परत यायला अंधारून यायचं. त्या दिवशी रस्त्यात एक ट्रॉली उभी होती. तिच्यात बाभळीची लाकडं होती आणि ती मागे चार हात बाहेर आलेली होती. त्यांना लाल फडकं बांधलेलं नव्हतं, ट्रॉलीला मागे काही चमकणारं नव्हतं. लोक जमेपर्यंत ट्रॉली निघून गेली. कुणाची, कुठून आली, आजवर कळलेलं नाही. बाबांना उचलून कडेला घेतलं ते दगडोबा नावाच्या एका मेंढपाळाने. त्याने पोलिसांना एकच वाक्य सांगितलं होतं, ‘गाडी बिनउजेडाची आली.’ पंचनाम्याच्या प्रतीवर मी फक्त या वाक्याखाली रेघ मारली होती. गाडी मात्र जवळजवळ धड होती. डावीकडे पडून घसरलेली, एक आरसा गेलेला, एक जादा दिवा फुटलेला, पाय ठेवायचा दांडा वाकलेला. ठाण्याच्या आवारातून काल ती सोडवून आणली तेव्हा पहिल्या किकला सुरू झाली. मला तिचा राग आला होता. इतकं सगळं होऊन पहिल्या किकला सुरू होणं मला निर्लज्जपणाचं वाटलं होतं.

पुण्यात मी एका प्रकाशनाकडे मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं. सहा आठवड्यांत मी मोटारसायकलच्या वायरिंगबद्दल जितकं वाचलं तितकं एखाद्या कवीबद्दलही वाचलेलं नसेल. दिवा जास्त करंट ओढतो. हँडलवरच्या नाजूक बटणातून तो सगळा नेला तर बटण जळतं. म्हणून मध्ये रिले बसवतात. काड्यापेटीहून लहान काळी डबी. बटणाचा बारीक करंट डबीत फक्त एक पट्टी हलवतो आणि दिव्याचा मोठा करंट त्या पट्टीवरून बॅटरीतून थेट जातो. टक् आवाज त्या पट्टीचा. मी सीट उघडली. एकाऐवजी दोन रिले होते. एक चार पायांचा, जादा दिव्यांचा. दुसरा पाच पायांचा, आणि गाडीच्या मूळ दिव्याची वायर कापून त्यातून नेलेली होती. पाचवा पाय हा एरवी जोडलेला असतो आणि बटण दाबलं की तुटतो, हे मला वाचून ठाऊक होतं. कुणीतरी वायर भलत्याच पायाला जोडली होती. ओळ इकडची तिकडे गेली की परिच्छेदाचा अर्थ उलटतो, तसं. बाबांनी समोर नीट दिसावं म्हणून बटण दाबलं असेल आणि होता तेवढाही उजेड गेला असेल. माझ्या डोळ्यांसमोर ते इतकं स्पष्ट उभं राहिलं की मी आत जाऊन लॅपटॉप उघडला आणि अर्ध्या तासात तक्रार लिहून काढली. तिच्यात एकही चूक नव्हती. मेस्त्रीच्या नावाची जागा तेवढी मोकळी होती.

आई ओट्यावर डाळ निवडत बसली होती. दिवा जात-येत होता तेव्हा तिने वर पाहिलं नव्हतं. मी विचारलं, “बाबांनी दिवे कुणाकडून बसवून घेतले?” माझा प्रश्न संपायच्या आत ती म्हणाली, “धर्मसिंग. सेनगावाला, जीपा उभ्या राहतात तितं. तांड्यावरचा हाय.” मग डाळीतला खडा उचलून अंगणात फेकत म्हणाली, “त्याचंच नाव घाल.” कशात घालायचं ते मी तिला सांगितलेलं नव्हतं. तेव्हा मला तेही खटकलं नाही. आई पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलते आहे, एवढंच मला जाणवलं.

गाडी मीच घेऊन निघाले. मेलेल्या माणसाच्या गाडीवर त्याची मुलगी बसून जाते आहे हे हिंगोलीत दोन चौक ओलांडेपर्यंत लोकांना कळतं आणि ते कळल्याचं तोंडावर दाखवतात. एकाने पंक्चरच्या दुकानातून मान बाहेर काढून पाहिलं. माझ्या मनात त्याच्याबद्दलही काही चांगलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन दोन पानांवर आलं होतं, हिरवं, एकसारखं. माझे हात बाबांच्या हातांच्या जागी होते. उजव्या मुठीवरचं रबर एका बाजूला झिजलेलं होतं, तिथे माझा हात नीट बसत नव्हता. बाबा मला कधी फोन करत नसत. आईच्या फोनवर आई बोले आणि ते मागून सांगत, “तिला म्हणाव, जेवण टायमावर करत जा.” मी म्हणे, “त्यांना दे की फोन.” मग आई म्हणे, “ते भायेर गेले.” दिवाळीत त्यांची गाडी एकदा खड्ड्यात गेली होती, गुडघा सुजला होता. मी रागावले, लगोलग दिवे मागवून त्यांच्या पत्त्यावर धाडले. दोन दिवे, वायरींचं गुंडाळं, रिले, बटण, सगळं एका खोक्यात. मी दर रविवारी विचारत होते, लावले का. चौथ्या रविवारी बाबा म्हणाले होते मागून, “लावले म्हणाव.” मी फोटो मागितला. फोटो आला. गाडीशेजारी बाबा ओळखपत्राला उभे राहावेत तसे ताठ उभे, दोन्ही दिवे भर दिवसा लावलेले. त्यानंतरही मी दर महिन्याला विचारत राहिले, वापरता ना, संध्याकाळी लावता ना. आईचा आवाज म्हणे, “लावतेत, लावतेत.” नरसीच्या अलीकडचं वळण आलं तेव्हा मी वेग कमी केला नाही. तिथे पाहायचं नाही असं मी हिंगोलीतूनच ठरवून निघाले होते. पाहिलं नाही. रस्ता तसाच पुढे गेला, याचाही राग आला.

धर्मसिंगचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे ताडपत्री. तो एका जीपच्या तोंडात मान घालून होता. जीपवाला टायरवर बसून चहा पीत होता. धर्मसिंगने मान बाहेर काढली, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे नंतर. पंचेचाळिशीचा असेल. चष्म्याला दोरा बांधलेला. त्याने फडक्याला हात पुसले, पण पुढे आला नाही.

“मामाची गाडी,” तो म्हणाला.

“मी त्यांची मुलगी. सुकन्या.”

“पुण्याची. व्हय. ते दिवे तुमीच धाडले होते.”

जीपवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो मोकळ्या आवाजात म्हणाला, “ताई, याच्याकडं गाडी देऊ नका. म्हया जीपचा हॉर्न दाबला की वायपर हालून राहिला तीन दिवसापासून. पब्लिक हसून राहिली.”

“शकील, तुही जीप हाय का भंगार?” धर्मसिंग त्याच्याकडे न पाहता म्हणाला. “म्या हात लावला म्हणून वायपर तरी हालला. तू चहा पी अन् घडीभर तिकडं जाऊन बस.” शकील माझं तोंड पाहून उठला. मला त्याच्या विनोदाचा उपयोग करावासा वाटला. म्हणाले, “त्यांच्या जीपचं जे केलंत तेच माझ्या वडिलांच्या गाडीचं केलंत. तुम्ही उलटं जोडलंय. बटण दाबलं की दिवे जातात.”

“मालूम हाय.”

“मालूम आहे?”

“म्याच जोडलं. उलटं न्हाई, बराबर जोडलं.” तो आला आणि गाडीपासून दोन हातांवर थांबला. “मी हात लावणार न्हाई. उद्या म्हणाल, पुरावा मिटवला. तुमीच सीट काढा. चालू करा गाडी.” मी का ऐकलं कळत नाही. कदाचित त्याच्या आवाजात आर्जव नव्हतं म्हणून. सीट काढली, किक मारली. पत्र्याच्या सावलीत दिव्याचा पिवळा गोल समोरच्या पोत्यांवर पडला. “आता बटणाची वायर काढा. निळी. ओढा, भेऊ नका.” मी ओढली. काही झालं नाही. गोल पोत्यांवर तसाच होता. “बटण तुटलं तरी दिवा चालू. रिले आतून जळला तरी चालू. बटणाची वायर उंदरानं खाल्ली तरी चालू. दिव्याची वायर कथलानं झाळून, वरून टेप मारली, ती बघा ओढून.” मी ती ओढून पाहिली. जोरात. “मधी रिले घातला तो यापायीच घातला. काही बी बिघडलं तर दिवा जाऊ नये, लागून राहावा. आता निळी वायर परत लावा. सांगा, कशानं विझतो हा दिवा?”

मला उत्तर ठाऊक होतं. मी ते म्हणेपर्यंत तो थांबला, आणि त्याच्या त्या थांबण्याचा मला इतका तिटकारा आला की मी ते मुद्दाम स्वच्छ शब्दांत म्हणाले. “अंगठ्याने.”

“दाबून धरलं तवर. सोडलं की चालू. मामाला खटक्याचं पायजे होतं, एकदा दाबलं की बंदच. ते म्या दिलं न्हाई. म्हणलो, मामा, ईसराल. दाबून धरायचं देतो, अंगठा दुखला की आठवण राहील.”

“कशासाठी पाहिजे होतं त्यांना?”

तो माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिला. “तुमी मेंढरंवाल्या हाटकराच्या ना, ताई? मेंढरांपायी.”

मग तो बरंच बोलला. नव्या गाडीचा दिवा कंपनीच सतत चालू ठेवते, बंद करायचा खटकाच नसतो. वर हे दोन पांढरे दिवे. ऐकताना माझं अंग त्याच्या बोलण्याच्या पुढे पोचलं होतं. मी सहा-सात वर्षांची, जुन्या गाडीच्या टाकीवर बसलेली, बाबांच्या दोन्ही हातांच्या मधे. लांबून घुंगरांचा आवाज येतो. बाबा खटका फिरवतात, दिवा जातो, मग गाडी बंद होते आणि उतारावर नुसती वाहत राहते. “उजेड पडला की मेंढरू आंधळं होतं,” ते माझ्या केसांत म्हणतात. “एक बुजलं की सगळी त्याच्या मागं. खड्डा बघत न्हाईत, हीर बघत न्हाईत. आपुन अंधारात गेलं की ती बराबर वाट देतात.” मग कळप आमच्या दोन्ही अंगांनी वाहायला लागतो. माझ्या उघड्या पोटऱ्यांना लोकर घासते, ओलसर, तेलकट, गरम. लेंड्यांचा, दुधाचा, धुळीचा वास. काही दिसत नाही आणि भीती वाटत नाही. पाठीला बाबांची छाती लागलेली आहे. किती वर्षांत मला हे आठवलं नव्हतं. पंचनाम्यात मेंढपाळ होता. मेंढपाळ आहे म्हणजे मेंढरं आहेत, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी वाक्याखाली रेघ मारली आणि ते वाक्य बोलणाऱ्या माणसाच्या मागे दीडशे मेंढरं उभी होती ती पाहिली नाहीत. मुद्रितात असं काही सुटलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. कळप त्यांच्या दोन्ही अंगांनी गेला असेल. त्यांनी अंगठा दाबून धरला असेल. शेवटची मेंढरं मागे पडली, आता सोडावा, आणखी थोडं, मागचं एखादं कोकरू राहिलं असेल म्हणून आणखी थोडं.

“तुम्ही नाही म्हणायला हवं होतं,” मी म्हणाले. माझा आवाज शांत होता. राग आला की तो शांत होतो.

“म्हणलो. दोनदा.”

“तिसऱ्यांदा म्हणायचं.”

“मंग ते दुसऱ्याकडं गेले असते. त्यानं खटक्याचं बसवलं असतं, रिलेबिगर, हॉर्नच्या वायरला पिळा मारून. म्हणून म्या केलं.” त्याने हातातलं फडकं उगाच झटकलं. “मी मयतीला आलो होतो. तुमच्या बाजूलाच उभा होतो. तुमी वळखलं न्हाई, वळखायचं काही कारण बी न्हाई.”

“मी उद्या ठाण्यात तक्रार देणार आहे. तुमच्या नावाने.”

“द्या. म्या न्हाई म्हणत न्हाई, जोडलं म्हणून.” मग प्रथमच त्याचा आवाज चढला. “पण समजून द्या. मला आत घेतील, दुकानाला कुलूप लावतील, समदं व्हईल. पण कोर्टात मी म्हणीन, मामाचा अंगठा होता. तवा तुमी ऐकायला बसाल का?” पलीकडून शकील म्हणाला, “अरे, ताईशी नीट बोल.” धर्मसिंग म्हणाला, “नीटच बोलून राहिलो.” मी निळी वायर परत लावली. माझे हात काळे झाले होते. त्याने फडकं पुढे केलं, मी ते घेतलं नाही, ओढणीला पुसले. त्याची चूक नव्हती हे मला कळलं होतं, आणि त्यामुळे तो मला जास्तच नकोसा झाला होता. ज्याची चूक असते त्याच्याशी काहीतरी करता येतं.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. आई तिथेच होती, पण डाळ नव्हती. नुसती बसली होती. “दिलं का नाव?” तिने विचारलं. मी म्हणाले, “बटण बाबांनी सांगून बसवून घेतलं होतं.” तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. आणि मग मला कळलं. सकाळी तिने मान वर का केली नाही, नाव इतक्या लगेच का सांगितलं. “आई, तुला माहीत होतं.”

“व्हतं मग.”

“सहा आठवडे तू मला बोलू दिलंस. मी रोज तुझ्यासमोर वायरी, रिले, बॅटरी करत होते.”

“काय सांगू लोकायला?” ती एकदम उसळली. “मसाजीनं आपल्या हातानं दिवा घालवला अन् लाकडावर जाऊन मेला? हसतील लोकं. चौतीस वर्स ज्यानं गावाची जनावरं राखली त्याला येडा म्हणतील. त्यापरीस मेस्त्रीचं चुकलं म्हणलेलं काय वाईट हाय? तो जिता हाय. त्याचं तो बघून घेईल.” माझ्या आईला, चंद्रभागाबाईला, मी आजवर कुणाबद्दल वाईट बोलताना ऐकलं नव्हतं. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. सकाळपासून माझा तोच होता. “अन् त्यानं न्हाई म्हणायचं व्हतं,” ती म्हणाली. मी हेच दुपारी म्हणाले होते, याच चालीत.

“तो म्हणाला होता, नाही म्हणून. आई, जादा दिवे काढून टाकले असते तर? दिवाळीआधी बाबा नव्या गाडीवरून जातच होते ना?”

“जायचे. तिच्या दिव्याला पुढून फडकं बांधायचे कळप आला की. हातानं. थांबून, उतरून.” ती पदराच्या काठाशी चाळा करत होती. “मग तुहे दिवे आले. पुसेगावाच्या वाटंवर पहिल्याच खेपंला मेंढरं बुजली. दोन कोकरं तुडवून मेली. आठ दिस नीट जेवले न्हाईत ते. म्या म्हणलं, काढून फेका ते दिवे. तर म्हणले, लेकरानं जीव लावून धाडलेत, फोटू मागती, काढले म्हणून कसं सांगू. म्या म्हणलं, काढा अन् लावलेत म्हणून सांगा. तर म्हणले, तिच्याशी खोटं न्हाई बोलायचं.” तिने पदराचा काठ सोडला. “तीन दिव्यायला काय तीन फडके बांधावे? म्हणून ते बटण. तुला सांगू नको म्हणले. म्हणले, तिला वाटंल आपलं काही चुकलं.”

मी आत गेले. स्वयंपाकघरात माठाशेजारी उभी राहिले. पाणी प्यायचं होतं बहुतेक, पण पेला हातात घेतला नाही. काही फुटलं नाही, मी रडले नाही. लहानपणी ताप चढताना हाताची बोटं फार मोठी झाल्यासारखी वाटायची, तसं झालं. एवढंच. बाहेर आई कुणाशी तरी बोलल्यासारखी म्हणत होती, “आता कागदावर कायला लिवायचं? सांग की. काहून लिवायचं?” तिच्यावर मला दया यायला हवी होती. आली नाही. तिने जे लपवलं ते माझ्यासाठी लपवलं की बाबांसाठी, हे मला विचारायचं नव्हतं, कारण दोन्ही उत्तरं मला नको होती. आणि बाबांचाही राग आला, पहिल्यांदाच, पूर्ण. एक फोन. एकदा स्वतः फोन हातात घेऊन म्हणायचं, बाई, तुझे दिवे चांगले आहेत पण इथे चालत नाहीत. एवढं वाक्य. ते वाक्य बोलण्यापेक्षा त्यांना अंधार सोपा वाटला. मी अशी कोण होते, की माझ्याशी हे बोलायची सोय नव्हती?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ठाण्यात गेले. आई आली नाही. जमादार बाबांना ओळखणारा होता. त्याच्या बकरीला बाबांनी कधी तरी टोचलं होतं, हे त्याने आधीच्या दोन भेटींतही सांगितलं होतं. त्याने टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला. माझ्या पिशवीत तक्रारीचा छापलेला कागद होता, नावाची जागा अजून मोकळी. मी तो बाहेर काढला नाही. मेस्त्रीविरुद्ध तक्रार द्यायची आहे, एवढं मी त्याला काल सकाळीच फोनवर सांगून ठेवलं होतं.

“सांगा. मेस्त्रीचं नाव, गाव. बाकी मी लिवतो.”

ते नाव सांगणं किती सोपं होतं ते मला त्या क्षणी दिसलं. चार अक्षरं सांगितली असती की आईचं राहिलं असतं, बाबांचं राहिलं असतं, आणि माझं तर सगळ्यात जास्त राहिलं असतं. धर्मसिंगबद्दल माझ्या मनात कालपेक्षा एक कणभरही मऊपणा नव्हता. त्याच्यासाठी मी काही करत नव्हते.

“मेस्त्रीचा दोष नाही,” मी म्हणाले. “बटण वडिलांनी सांगून बसवून घेतलं होतं. समोरून मेंढरं आली की सगळे दिवे बंद करायला. त्या वेळी दिवे त्यांनी स्वतः बंद केले होते.”

जमादाराने पेन खाली ठेवलं. “ताई, हे लिवू?”

“लिहा.”

“मंग दोष मयताकडं जातो. ट्रॉलीवाला उद्या सापडला तरी त्याचा वकील हाच कागद काढील. आईला इचारलं का?”

“हो.”

त्याने लिहायला घेतलं. हळू लिहायचा, प्रत्येक शब्दावर रेघ ओढून मग पुढचा. पंख्याने कागदाचा कोपरा उडत होता, तो त्याने स्टेपलरखाली दाबला. ‘मेंढरांसाठी’ या शब्दावर तो अडला, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिला.

“आणखी आहे,” मी म्हणाले. “जादा दिवे मी पाठवले होते. पुण्याहून. ते इथे चालण्यासारखे नव्हते. मी ते काढू दिले नाहीत. दर महिन्याला विचारत होते. त्या दिव्यांमुळे बटण बसवावं लागलं. हे लिहा.”

“त्याची गरज न्हाई.”

“गरज आहे. बटण का बसवलं त्याचं कारण ते आहे.”

“कारण लिवलं की. मेंढरं.”

“मेंढरं आधीपासून होती. दिवे नंतर आले. ते मी पाठवले. माझं नाव लिहा.”

जमादार चिडला. मला त्याचं चिडणं बरं वाटलं. कुणीतरी निदान माझ्यावर चिडलं होतं. “ताई, बापाला दिवे धाडणं हा कोणत्याच कलमात गुन्हा न्हाई. मी काय म्हणून लिवू? साहेब मला इचारतील, हे काय पुराण लावलं. तुमी शिकलेल्या हात. जेवढं लागतं तेवढंच लिवायचं असतं.” पलीकडच्या टेबलावरचा शिपाई आमच्याकडे पाहायला लागला. मी म्हणाले, “मग मी वेगळा अर्ज देते.” तो म्हणाला, “द्या. घेऊन ठिवतो. कोणी वाचणार न्हाई.” हे तो कठोरपणे म्हणाला नाही, माहिती द्यावी तसं म्हणाला. मग त्याने जबाब वाचून दाखवला. मयताने. स्वतःहून. सदर बटण. दाबून धरल्याने. वाक्यं बरोबर होती. मी प्रत्येक शब्द ऐकला, चूक शोधत, आणि चूक नव्हती. खरं तेवढं सगळं तिथे होतं आणि मी त्यात कुठे नव्हते.

“इथं सही करा,” त्याने बोट ठेवलं. “खाली मयताशी नातं.”

मी सही केली. खालच्या ओळीवर ‘मुलगी’ असं लिहिलं. त्याने कागद ओढून घेतला, शाई वाळायच्या आत दुसऱ्या कागदांवर ठेवला आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाला, “या. तुमचं काय?”